मेंढरांनी लिहिलेलं नाव

माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत शेजारणींना हेच सांगितलं की, सून कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या पुसायला जाते. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आमचं ऑफिस सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या अडतीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली पोती हलली की वर सगळं पिवळं व्हायचं. फ्लॉप्या पुसणं हा माझ्या कामाचा भाग होताच. पण पगार मिळायचा तो परवानग्या आणण्यासाठी.

कसल्या परवानग्या, ते सांगते. ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून काही शाळांना छोटे कॉम्प्युटर मिळाले होते. नुसता जाडजूड कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायचा, आणि केलेलं काम गाण्यांच्या टेपरेकॉर्डरवर, साध्या कॅसेटमध्ये साठवायचं. हौशी शिक्षकांनी आणि मुलांनी त्यावर खेळ लिहिले. पुढं यंत्रं बंद पडली, कपाटात गेली, आणि खेळ कॅसेटमध्ये झोपून राहिले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा आमच्या मालकांना सुचलं की हे जुने खेळ शोधून, नव्या यंत्रावर चालतील असे करून, दिवाळीच्या सुट्टीत शाळांना आणि घरांना विकावेत. पण खेळ हे लेखनच. आपल्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमची गणना पुस्तकासारखीच होते. ज्यानं लिहिला त्याचा हक्क. नव्यानं काढायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत त्याचा ठरलेला हिस्सा. तो माणूस शोधायचा, त्याला हे समजावून सांगायचं आणि सही आणायची, हे माझं काम.

मालक आवटी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचा छापखाना, त्यामुळं कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नसे, पण कव्हर कसं असावं हे फार कळायचं. प्रोग्रॅम लिहायला सतीश होता, इंजिनिअर झालेला, दिवसाला अकरा कप चहा पिणारा. आणि मी कांबळे मॅडम. आधी वकिलांकडं टायपिस्ट होते, म्हणून करारनाम्याची भाषा हाताला सवयीची होती.

पहिल्या वर्षी मी एस.टी.नं इतकी फिरले की कंडक्टर जागा धरून ठेवायला लागले. उंब्रजला एक गृहस्थ हायवेवर हॉटेल चालवायचे. पूर्वी शाळेत शिक्षक असताना त्यांनी घाटातून एस.टी. चालवायचा खेळ लिहिला होता. कॅसेट त्यांनी जपून ठेवली होती, पण घरच्यांनी मधल्या भागावर नातीच्या बारशाचा पाळणा रेकॉर्ड केला होता. सतीशनं ती यंत्राला लावली तेव्हा गाडी तिसऱ्या वळणावर येऊन थांबायची आणि यंत्र गोंधळून जायचं. उरलेला घाट त्या गृहस्थांनी गल्ल्यावर बसून, बिलाच्या पाठीवर आठवून लिहून दिला. सही करताना म्हणाले, "म्याडम, हिश्श्याचं आपन नंतर बघू. पन त्या खेळात गाडी कवाच वेळेवर पोचत न्हाई, ती तशीच ऱ्हाऊ द्या. सुधारू नका."

सगळं असं गोड नव्हतं. 'पतंग' नावाचा एक सुंदर खेळ होता, आणि त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मी चार तालुके पालथे घातले. शेवटी अण्णा म्हणाले, "निर्माता सापडला नाही असं छापा आणि काढा." मी तसं छापलं. आजही त्या ओळीची मला लाज वाटते. आणखी दोन महिने मागितले असते तर कदाचित सापडला असता. मी मागितले नाहीत.

पण मला सांगायचंय ते 'मेंढरं' या खेळाबद्दल.

पडद्यावर माळरान. चाळीस मेंढरं, एक कुत्रा आणि झुडपात लांडगा. आपण कुत्रा व्हायचं आणि अंधार पडायच्या आत मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाड्यात आणायची. आमच्याकडच्या सगळ्या खेळांत हा उजवा होता. तो दहिवडीकडच्या एका शाळेतून आला होता, आणि तिथल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, पिसाळ सरांनी, निर्माता म्हणून करारावर सही केली होती. सही मीच आणली होती. सरांनी चहा दिला, पोहे दिले, शाळेचा इतिहास सांगितला, आणि लाल पेनानं सही केली. मला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

एका दुपारी सतीशनं मला हाक मारली. जुन्या प्रोग्रॅमचा कागदावर काढलेला उतारा त्याच्यापुढं पसरलेला होता.

"मॅडम, यात शेवटी साठ-सत्तर ओळी आहेत. तिथं प्रोग्रॅम कधी जातच नाही. कचरा आहे, काढून टाकतो."

"कधीच जात नाही?"

"चाळीसच्या चाळीस मेंढरं वाड्यात आली तरच जातो. आणि ती येत नाहीत. लांडगा एक तरी नेतोच. मी शंभरदा खेळलोय."

"मग काढायच्या आधी एकदा चालवून बघू की."

जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या यंत्रावर खेळायला बसले. चार दिवस बसले. डबा एका हातानं आणि कुत्रा दुसऱ्या हातानं. अडतीस आली, एकोणचाळीस आली, चाळीस काही येईनात. चौथ्या दिवशी खालच्या अडतीतला मारुती हमाल चहाचे कप न्यायला वर आला आणि माझ्या मागं उभा राहिला. हा गडी माण तालुक्यातला, बापजाद्यांची मेंढरं होती.

"आवं म्याडम, कुत्र्याला लांडग्यामागं कशाला पळवताय?"

"मग काय करू?"

"लांडग्याला सोडा. ती म्होरची मेंढी दिसती का, जरा मोठी हाय ती? तिला वाड्याकडं वळवा. बाकीची आपसूक येत्यात. कुत्रं मागं ठिवा फकस्त."

मी तसं केलं. मोठी मेंढी चालू लागली आणि तिच्यामागं सगळा कळप दोरीत ओवल्यासारखा निघाला. लांडगा झुडपात बसून राहिला. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. पडदा क्षणभर काळा झाला. मग एकेक मेंढरू वाड्यातून बाहेर आलं आणि आपापल्या जागी जाऊन उभं राहिलं. आधी वाटलं नुसताच घोळका आहे. मग वर शिरोरेघ आली, वेलांटी आली, काना आला. मेंढरांनी मिळून लिहिलं होतं: हिरा.

सतीशनं चहाचा कप खाली ठेवला. मारुती म्हणाला, "कुनाचं नाव हाय वो?"

पिसाळ सरांचं नाव रघुनाथ होतं.

आमच्या घरात कागदावरच्या नावाला फार मान होता. माझे वडील चाळिशीत सही करायला शिकले, आणि शिकल्यावर महिनाभर वर्तमानपत्राच्या कडांवर सही करत बसायचे. एकाच्या खेळावर दुसऱ्याची सही मी आणली, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना न सांगता सकाळची गाडी धरून मी दहिवडी गाठली.

सरांनी पुन्हा चहा मांडला. मी विचारलं, "सर, हिरा कोण?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "हिरा गोरड. दहावीला होती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खेळ तिनं लिहिला?"

"शाळेचा कॉम्प्युटर, शाळेची वीज. भाषा मी शिकवलेली." मग म्हणाले, "शिकवलेली म्हणजे, मला दहा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यातलं निम्मं मला समजलं नव्हतं. पुस्तक मी तिच्याकडं दिलं. बाकीची पोरं खेळायची, ती लिहायची."

"मग निर्माता म्हणून तुमचं नाव?"

"जिल्ह्याच्या प्रदर्शनाला कॅसेट पाठवायची होती. फॉर्मवर शाळेचं नाव आणि शिक्षकाचं नाव एवढ्याच दोन जागा. मुलाच्या नावाला जागाच नव्हती, मॅडम. मी माझं लिहिलं. पुढं सगळे मलाच विचारू लागले, मी सांगत गेलो. सांगता सांगता मलाही खरं वाटायला लागलं."

मी त्यांच्याच लाल पेनानं वर्तमानपत्रावर ठिपके काढून दाखवले, मेंढरं कशी उभी राहतात ते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत नाव वाचलं.

"हे तिनं मला कधी दाखवलं नाही."

"सर, तुम्ही खेळ शेवटपर्यंत खेळलाच नाहीत."

मला बोलल्यावर वाईट वाटलं. पण ते रागावले नाहीत. आत जाऊन जुनी पत्त्यांची वही घेऊन आले. हिराचं लग्न दहावीनंतरच्या वर्षी विट्यात मेटकरींच्या घरी झालं होतं. नवऱ्याचं गलाईचं दुकान दक्षिणेत कुठंतरी, जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याचं, विट्याकडचे बरेच जण देशभर करतात ते. "ती तिकडं असेल किंवा इकडं," सर म्हणाले. "भेटली तर मी विचारलं म्हणून सांगा. नको, राहू दे. काही सांगू नका."

सांगलीत परतले तर अण्णा वाट बघत होते. सरांचं बोलणं मी त्यांना सांगितलं.

"कांबळे, कव्हरं छापून आलीत. सरांच्या नावाची. फ्लॉप्या निम्म्या भरून झाल्यात. आता तुम्ही म्हणताय खेळ दुसऱ्याचा?"

"दुसरीचा, अण्णा."

"करार झाला, सही झाली. शाळेत झालेला खेळ, शिक्षकानं सही केली, बास की! कव्हरांचं काय करू मी, भेळ बांधू?"

मी फोन उचलला आणि माझ्या जुन्या वकीलसाहेबांना लावून अण्णांच्या हातात दिला. ते तिकडून इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला इथं ऐकू येत होतं. "आवटी, नोकरीत लिहिलं तर मालकाचं, हे बरोबर. पण पोरगी शाळेची नोकर होती का? गुरुजींनी शिकवलं म्हणून पोरीनं लिहिलेला निबंध गुरुजींचा होतो का? त्यांना जे द्यायचा हक्कच नव्हता ते तुम्ही घेतलंय. तो कागद काय कामाचा?"

अण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "आठ दिवस. आठ दिवसांत तिची सही आली नाही तर हा खेळ वगळायचा."

वगळला असता तर सगळ्यांत चांगला खेळ पुन्हा कपाटात गेला असता, आणि मीच त्याला कारण झाले असते. हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

विट्यात हिरा दोन तासांत सापडली. मुलीला शाळेत घालायचं म्हणून ती दक्षिणेतून परत आली होती. अंगणात शेंगा वाळत घालत होती. पंचविशीच्या आतली, किरकोळ बांध्याची, बोलायला खणखणीत. मी कोण, कशासाठी आले हे सांगितलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लांडगा हाय का अजून?"

मी जरा चाचरले. शहरातल्या मुलांना लांडगा माहीत नसतो म्हणून अण्णांनी सतीशला त्याचा वाघ करायला लावला होता. ते सांगितल्यावर ती एवढी हसली की सासू दारात आली.

"वाघ? मेंढरात वाघ कुठनं आला, म्याडम? आमच्या माळाला वाघ असता तर आमी मेंढरं राखली असती व्हय?"

"मेंढरांनी लिहिलेलं नाव मी बघितलं," मी म्हणाले.

हसणं थांबलं. "चाळीस आनली तुमी?"

"एका हमालानं सांगितल्यावर आली."

"मला वाटलं हुतं कुनालाच येनार न्हाईत. सरांनी फॉर्मवर त्यांचं नाव घातलं तवा मी काय बोलले न्हाई. कशी बोलनार? मग रातीतनं त्येवढा भाग लिवला आन् दुसऱ्या दिशी कॅसेटमध्ये भरला. म्हनलं, असू दे आत. कुनी न्हाई बघितलं तरी माझं हाय ते मला म्हाईत."

मी करार समजावून सांगितला. तिनं तो दोनदा वाचला, प्रत्येक शब्दाला बोट लावून. सासूबाई म्हणाल्या, "खेळायच्या गोष्टीचं कसलं पैसं घ्यायचं गं? सही करून टाक."

"का म्हनून, आत्या? आपन सोनं वितळवून देतो ते फुकट देतो का?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हिस्सा जेवढा बाकीच्यांना तेवढाच मला. पन माझं तीन गोष्टींचं म्हननं हाय. वाघ काढा. नाव पयल्या पडद्यावर पायजे. आन् नाव हिरा गोरड लावा, मेटकरी न्हाई. तवा मी गोरड हुते."

"आणि मेंढरांनी लिहिलेलं?"

"ते तसंच आत ऱ्हाऊ द्या. जो आनील चाळीस, त्यो बघील."

सही करायला ती सांगलीला आली. मुलीला सासूकडं ठेवून, नवी साडी नेसून, हातात कापडी पिशवी. ती येणार हे मी सरांना कळवलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. ते तिच्या आधीच येऊन बाकावर बसले होते. हिरा आत आली, त्यांना बघून थबकली, आणि वाकून पाया पडली. सर गडबडून उठले.

"माझ्या काय पाया पडतेस? बस. बस आधी." मग माझ्याकडून जुना करार मागून घेतला आणि वहीत चुकलेल्या गणितावर मारावी तशी त्यावर लाल रेघ मारली. खाली लिहिलं, 'हा खेळ माझा नाही, माझ्या विद्यार्थिनीचा आहे,' आणि सही केली.

हिरा म्हणाली, "सर, पुस्तक तुमीच दिलं हुतं की मला."

"मला समजत नव्हतं म्हणून दिलं."

"म्हनून तर मला मिळालं!"

सगळे हसले, सर सगळ्यांत शेवटी. तिच्याच सांगण्यावरून पहिल्या पडद्यावर तिच्या नावाखाली बारीक अक्षरात सरांचं नाव आलं, मार्गदर्शक म्हणून. अण्णांनी कव्हरं टाकली नाहीत, ते छापखान्यातले, कागद वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. नव्या नावाच्या पट्ट्या छापल्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या जुन्या नावावर चिकटवल्या. मारुतीसुद्धा खालची पोती सोडून आला. खळीत हळद मिसळली आणि प्रत्येक पट्टी हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखी दिसायला लागली. कव्हरावरचं वाघाचं चित्र मात्र झाकता आलं नाही. पुढं साताऱ्याच्या एका शाळेनं रीतसर पत्र लिहून तक्रार केली की, खेळ छान आहे, परंतु वाघ कोठेही आढळला नाही.

आता त्या सहीच्या दिवसाचं शेवटचं. करारावर सही झाली, चहा झाला, सर दुपारची गाडी धरायला निघून गेले. हिरा मात्र पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मी म्हटलं, "आणखी काही शंका आहे का?"

तिनं पिशवीतून दोन जाड वह्या काढल्या. गलाईच्या दुकानातल्या जुन्या वह्या, मागची पानं कोरी राहिलेली. ती सगळी पानं तिनं भरली होती. ओळीला आकडा, आकड्यापुढं आज्ञा, प्रोग्रॅम लिहितात तसा. बारीक, नीटनेटकं अक्षर, कुठं खोडून दुरुस्त केलेलं.

सतीशनं वही ओढून घेतली. पानं उलटत गेला. "हे कशावर लिहिलंत? तुमच्याकडं मशीन आहे?"

"मशीन कुठलं! मालक दुकानात असायचं, मी वर खोलीत. भाषा येत न्हाई तिकडची, बोलायचं कुनाशी? मग लिवत बसायची."

"मशीन नाही तर चालतंय का नाही हे कळायचं कसं?"

"वाचायचं की. मशीन वाचतं तसंच, एकेक वळ. मनात चालवायचं. अडलं की खोडायचं."

लग्नानंतरची आठ वर्षं त्या दोन वह्यांत होती. मी माझ्या टाइपरायटरपुढं बसून त्या वह्यांकडं बघत होते. सतीश उठला. त्यानं कॅसेटी वाचायला ठेवलेलं जुनं शाळेचं यंत्र पुढं ओढलं, त्यावरची हळद बाहीनं पुसली आणि आपली खुर्ची तिला दिली.

ती एका बोटानं टाइप करायला लागली. सतीश ओळी वाचून दाखवायचा, ती बटणं शोधायची. तासाभरानं दोन बोटं झाली, मग चार. संध्याकाळची उन्हं तिरकी आली तेव्हा शेवटची ओळ झाली. तिनं 'चालव'ची आज्ञा दिली. पडद्यावर एक चौकोन आला आणि सगळं थांबलं. चूक दाखवली होती. हिरानं वहीचं एक पान मागं केलं, बोट ठेवलं, "हितं कंस ऱ्हायलाय," म्हणाली, आणि दुरुस्त केला.

पडद्यावर दुकानाची फरशी आली. वरून काळी माती, राख, कोळशाची पूड पडायला लागली, आणि त्यात मधूनच एखादा पिवळा कण. तो कण बरोबर वाटीत धरायचा, माती सोडून द्यायची. गलाईच्या दुकानातली झाडलोटसुद्धा सोन्यासाठी चाळतात, तो तिचा रोजचा उद्योग होता. कण पडायचे आणि हिराची वाटी नेमकी त्याखाली यायची. सतीश तोंड उघडं टाकून बघत होता.

अण्णा दारात येऊन कधी उभे राहिले होते, कळलं नाही. म्हणाले, "कांबळे, करारनाम्याचा कागद लावा. या खेपेला आधी कागद, मग कव्हर."

मी कागद लावला, तारीख टाइप केली आणि विचारलं, "हा खेळ कुठल्या नावानं लावायचा? गोरड की मेटकरी?"

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"थांबा की म्याडम," ती म्हणाली, "सोनं पडतंय!"